आप्पांच्या कुलपातली कुंभारीण

निसर्गात क्षुद्र असं काहीही नसतं. हे वाक्य मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. ज्या सरांनी ते सांगितलं, त्यांनी वाक्य संपवता संपवता मानेवर बसलेला डास मारला, हात रुमालाला पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला. प्राणिशास्त्राचं माझं शिक्षण साधारण याच पद्धतीनं झालं. त्याचा उपयोग होईल अशी नोकरी काही मिळाली नाही, म्हणून मी विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा सचिव झालो.

सोसायटीचं ऑफिस गावात नाही. ते गावापासून तीन किलोमीटरवर, माळवस्तीला आहे. कुठल्या आळीत बांधायचं यावर गावात एकमत होईना, आणि माळवस्तीचं मत कुणी विचारलेलंच नव्हतं, म्हणून ते तिथं बांधलं. वस्ती चाळीस घरांची. दिवाळी झाली की त्यातल्या पंचवीस घरांना कुलूप लागतं. माणसं ऊस तोडायला जातात, कुणी तेलगावकडं, कुणी कड्याकडं, कुणी थेट कर्नाटकात. मागं म्हातारी माणसं राहतात, कोंबड्या राहतात, आणि मी.

ऑफिसच्या दाराला कुलपं दोन. वरचं चेअरमन आप्पांचं, खालचं व्हाइस चेअरमन उत्तरेश्वरचं. दोघांचे गट वेगळे. मागं एकदा ठरावाचं पुस्तक गायब झालं, दोन्ही गटांनी एकमेकांचं नाव घेतलं, आणि शेवटी असं ठरलं की दार उघडायचं ते दोघांच्या समक्षच. सोसायटीत एकमतानं मंजूर झालेला तो तोवरचा शेवटचा ठराव. दोघं एका जागी येत नाहीत, त्यामुळं दार उघडत नाही. सचिवाकडं चावी नसते, शिक्का असतो. तो पिशवीत घालून मी रोज दहाला येतो, बाहेरच्या ओट्यावर लिंबाच्या सावलीत बसतो आणि पाचला परत जातो. दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत तर खताचं पोतं विचारायलाही कुणी येत नव्हतं. पाऊस आदल्या वर्षीच आम्हाला विसरून गेला होता. पेरलेलं काही नव्हतं, त्यामुळं खत घालायचं कशाला हा प्रश्न होता.

अशा वेळी कुंभारीण आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: कुंभारीण म्हणजे मातीचं घर करणारी माशी. काळी, पोटावर एक पिवळा पट्टा, आणि कंबर इतकी बारीक की पुढच्या धडाचा मागच्या धडाशी केवळ कागदोपत्री संबंध असावा. आप्पांचं कुलूप जुनं, अलिगढी, तळहाताएवढं. चावीच्या भोकावरचं पितळी झाकण कधीच गळून पडलं होतं. तिनं ते भोक पाहिलं, आत डोकं घालून पाहिलं, उलटं फिरून मागचा भाग घालून पाहिलं, आणि जागा पसंत केली. उत्तरेश्वरचं कुलूप नवीन, भोक खालच्या बाजूला. ते तिला चाललं नाही. तिचा कुठल्या गटाशी संबंध नव्हता एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

ती ज्वारीच्या दाण्याएवढी मातीची गोळी तोंडात धरून आणायची. भोकाच्या कडेला लावायची आणि मागं सरकत सरकत थापायची. थापताना एक बारीक गुणगुण यायची, कुलपाचं लोखंडही त्याबरोबर हलकं वाजायचं. मी कान लावून ऐकलंय. एक गोळी थापून झाली की मिशांनी ती तपासायची. पसंत पडली नाही तर पुन्हा थापायची. आतली एक खोली झाली की कुठून तरी हिरवी अळी आणून त्यात भरायची. अळी मेलेली नसते. नांगी मारून बधिर केलेली असते, म्हणजे आतल्या पिल्लाला पुढं ती ताजी मिळते. हे तंत्र आमच्या सहकारात फार आधीपासून आहे, पण त्यात इतकी सफाई मी पाहिली नव्हती.

खरं सांगायचं तर मी त्या माशीत गुंतलो. मला कुणी विचारलं असतं की या वर्षी आमच्या भागात एखादं काम वेळेत, मोजून-मापून आणि उद्घाटनाशिवाय झालेलं दाखव, तर मी आप्पांचं कुलूप दाखवलं असतं. सचिव म्हणून ते भोक साफ करणं माझं काम होतं. एका काडीचं काम. मी ते केलं नाही.

"काय बघायलात शेक्रेटरी सकाळधरून?" वच्छलाबाईनं विचारलं.

वच्छलाबाईचं घर ऑफिसला लागून. साठीच्या आसपासची बाई, उजवा गुडघा गेलेला. पाणी दोन किलोमीटरवरून, धुळाजीच्या विहिरीतून आणायची. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर, दिवसाला चार खेपा. घर पंधरा पावलांवर आलेलं असायचं, पण गुडघा ऐकायचा नाही, म्हणून ती आमच्या ओट्याच्या पायरीवर हंडे टेकवून बसायची.

"कुंभारीण बघतोय, मावशी."

"कुंभारीण न्हाई बघितली कधी?"

"बघा की. गोळी आणती, थापती, परत जाती. चाळीस खेपा झाल्या. दमत न्हाई."

"तिला गुडघे न्हाईत म्हणून."

तिला सहा पाय असतात आणि सहाही पायांना गुडघ्यासारखे सांधे असतात, हे मी सांगणार होतो. सांगितलं नाही.

वच्छलाबाईचा मुलगा आणि सून ऊसतोडीला तेलगावकडं गेलेले. सून सरस्वती, आठवा संपून नववा लागलेला. बाळंतपणाला तिला घरी यायचं होतं. रोज कुणाच्या तरी मोबाइलवरून तिचा फोन यायचा आणि रोज वच्छलाबाई तिला थांबवायची.

"बोलवा की आता," मी म्हणालो.

"बोलवून काय करू? बाळंतिणीला पाणी किती लागतंय तुमाला काय ठावं. ह्या दोन हंड्यांत मी तिला न्हाऊ घालू, बाळाला न्हाऊ घालू, का भाकरी थापू?" तिनं पदरानं पायरी पुसली. "टँकर चालू झाला तर त्याच दिशी फोन लावते. न्हाईतर राहू दे तिथंच फडावर, पाचटाच्या कोपीत."

टँकरची अशी परिस्थिती होती: मूळ गावाला चालू होता, माळवस्तीला नव्हता. ग्रामपंचायतीनं वस्तीचा वेगळा प्रस्ताव पाठवला होता. त्यावर पाहणी व्हायची होती. पाहणीत वस्तीवर पाण्याचा कुठलाही स्रोत नाही अशी खात्री झाली की टँकर मिळणार, असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलेलं होतं.

पाहणीला तालुक्याहून तांदळे साहेब आले. बुधवार होता. जीप लिंबाखाली लागली. आप्पा आले, कारण टँकर आपण आणला असं त्यांना सांगायचं होतं. उत्तरेश्वर आला, कारण टँकर आप्पांनी आणला असं कुणी म्हणू नये म्हणून. दोन्ही चाव्या एका जागी आलेल्या मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिल्या.

साहेबांनी आटलेला आड पाहिला, हातपंप हलवून पाहिला, धुळाजीच्या विहिरीचं अंतर विचारून घेतलं. सगळं आमच्या बाजूनं होतं. वच्छलाबाई दारात उभी राहून साहेबांच्या तोंडाकडं बघत होती. मग साहेब म्हणाले, "पंचनामा टेबलावर लिहू. ऑफिस उघडा."

उत्तरेश्वरनं खालचं कुलूप काढलं. आप्पांनी वरच्याला चावी लावली. चावी नखभर आत गेली आणि थांबली.

आप्पांनी वाकून पाहिलं. "उत्तऱ्या, ही माती कुणी भरली?"

"मला काय इचारता?"

"तुझं उघडलं. माझंच कावून बुजलं?"

"आप्पा, मला तुमचं ऑफिस बंद ठिवायचं असतं तर मी माझं कुलूप काढलं असतं का?"

"काढलंस म्हंजी साहेबापुढं साळसूद. आतून तू काय हायस ते मला ठावं हाय."

साहेबांनी पेन बंद केलं. "सहकारी संस्थेच्या कुलपात माती भरणं हा प्रकार गंभीर आहे. कुणाचा संशय आहे ते नाव सांगा, मी त्याचीही नोंद घेतो."

आप्पांनी नाव सांगायला तोंड उघडलं. आता भांडण होणार, साहेब जीपमध्ये बसणार आणि टँकर राहणार हे मला स्वच्छ दिसलं. म्हणून मी मध्ये पडलो. त्या क्षणी ते मला शहाणपणाचं वाटलं होतं.

"साहेब, कुणी भरली नाही. कुंभारीण आहे."

"कोण?"

"माशी, साहेब. मातीचं घर करते. दहा दिवस झाले, माझ्यासमोर केलंय."

साहेबांनी चष्मा वर केला आणि कुलपाजवळ तोंड नेलं. नेमकी त्याच वेळी ती गोळी घेऊन आली, इतक्या माणसांना न बिचकता भोकाच्या कडेला बसली आणि थापायला लागली. गुणगुण सगळ्यांनी ऐकली. साहेब बघत राहिले. "काय सफाई आहे," ते म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं की ती अळ्या कशा ठेवते, पिल्लू बाहेर कसं येतं, कंबर इतकी बारीक का.

पदवी घेतल्यापासून चोवीस वर्षांत प्राणिशास्त्रावर मला कुणी प्रश्न विचारलेला नव्हता. मी सगळं सांगितलं. आवाजही थोडा चढला असावा.

"आणि माती कुठली आणते?"

इथं थांबायला हवं होतं. पण माणूस कौतुक करायला लागला की त्याला ब्रेक नसतो. मी म्हणालो, "तीच तर गंमत आहे साहेब. हिला कोरडी माती चालत नाही. ओलीच लागते. माणसाला आयुष्यात सापडणार नाही अशा जागची ओल हिला बरोबर सापडते."

साहेबांनी करंगळी पुढं करून नुकत्याच लावलेल्या गोळीला लावली, बोट अंगठ्यावर घासून पाहिलं.

"ओली आहे," ते म्हणाले.

"साहेब, ओल म्हणजे अगदी दाण्याएवढी..."

"ओल किती आहे हे ठरवणं माझ्याकडं नाही. आहे की नाही याची नोंद करणं माझ्याकडं आहे." आणि त्यांनी आप्पांच्या पाठीवर कागद टेकवून पंचनामा लिहिला. माझ्या नावाचं वाक्य मला पाठ आहे: "वस्तीवर कीटकांस बांधकामासाठी पुरेशी ओल उपलब्ध असल्याचे सोसायटीचे सचिव यांनी सांगितले व त्याची प्रत्यक्ष बोट लावून खात्री केली." खाली आप्पांनी सही केली, उत्तरेश्वरनं सही केली, मी सही केली आणि शिक्का मारला. दोन्ही गटांच्या सह्या एका कागदावर आलेला तो सहा वर्षांतला पहिलाच दस्तऐवज असावा.

जीप गेल्यावर आप्पांनी तारेनं भोक उकरलं. मातीच्या दोन खोल्या पायरीवर पडून फुटल्या. आत तीन हिरव्या अळ्या आणि एक पांढरं, तांदळाएवढं पिल्लू. वच्छलाबाईच्या कोंबडीनं चारही जीव एका दमात उचलले. कुंभारीण पुढची गोळी घेऊन आली, उघड्या दारासमोर दोनदा फिरली आणि गोळी तोंडात तशीच धरून निघून गेली.

"तुला कावून बोलायचं होतं बे?" उत्तरेश्वर म्हणाला. आम्ही एका वर्गात होतो, त्यामुळं तो मला असंच बोलतो.

"भांडण मिटवायला."

"आमचं भांडण वीस वर्षं झाली चालू हाय. त्यानं कुणाचा टँकर थांबला का?"

दार उघडंच होतं आणि दोघंही हजर होते, म्हणून तिथल्या तिथं संचालकांची तातडीची सभा दाखवून माझ्या निषेधाचा ठराव घेण्यात आला. सूचक आप्पा, अनुमोदक उत्तरेश्वर. लिहून मीच घेतला, ते माझं काम आहे.

आठवडा गेला, टँकर आला नाही. आणखी एक गेला. नेकनूरच्या बाजारात लोक मला थांबवून "काय म्हणती माशी?" असं विचारायला लागले. वच्छलाबाई पायरीवर बसायची, पण पाठ माझ्याकडं करून.

कुंभारीण मात्र चौथ्या दिवशीच परत आली होती. तीच होती की दुसरी, हे सांगता येत नाही. तिनं दाराच्या चौकटीतलं खिळ्याचं भोक धरलं आणि शून्यापासून सुरू केलं. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिच्यावरून नजर निघेना, हे जास्त त्रासाचं होतं. मग मी ठरवलं की ही ओल नेमकी कुठली, त्याचा छडा लावायचा. वस्तीवर खरोखर कुठं पाणी असेल तर ते लोकांना सापडेल. नसेल तर साहेबांना तसं लेखी कळवता येईल. दोन्हीकडून फायदाच होता.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पायात चप्पल, हातात छत्री, नजर आभाळात ठेवून एका माशीमागं धावणारा सचिव वस्तीनं चार दिवस पाहिला. ती आडाकडं जायची नाही. हातपंपाकडं जायची नाही. वळून बांधाच्या मागं जायची आणि गोळी घेऊन यायची. बांधामागं मी बोटं घालून पाहिली. माती पिठासारखी कोरडी. पाचव्या दिवशी, धावून दमलो म्हणून, मी ओट्यावर बसून राहिलो, आणि बसल्याजागी मला सापडलं.

वच्छलाबाई खेप घेऊन आली, तिनं हंडे पायरीवर टेकवले. गुडघ्यात कळ आली, हंडा हिंदकळला, पसाभर पाणी सांडलं. पायरीच्या दगडाला एक खळगा आहे, त्यात ते साचलं. ती उठून घरात गेली. पाचव्या मिनिटाला कुंभारीण खळग्याच्या कडेला उतरली, पाणी प्यायली, बांधामागं गेली. मी मागोमाग गेलो आणि जमिनीवर आडवा झालो. तिनं पोटातलं पाणी कोरड्या मातीवर सोडलं, तोंडानं आणि पुढच्या पायांनी मळलं, गोळी केली आणि उडाली.

म्हणजे ती ओली माती शोधत नव्हतीच. कोरडी माती भिजवत होती. बी.एस्सी.ला हे होतं. पान आठवत नाही, पण होतं.

मी जाऊन वच्छलाबाईला सांगितलं. ती चुलीपाशी बसलेली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी माझ्या सांडलेल्या पाण्यावर तिनं घर बांधलं."

"व्हय."

"आन् ते घर तुमी साहेबाला दावलं."

"व्हय, मावशी."

"मी दोन किलोमीटर चालून आणते, ते मलाच नडलं म्हणा की." तिनं चुलीत एक काटकी सारली. "बघायला लई चांगली दिसती का वो ती?"

"लई चांगली."

"मग ठीक हाय," ती म्हणाली, आणि ते ठीक नव्हतं हे दोघांनाही कळलं.

मी अर्ज लिहिला. दोन पानं, सोबत आकृती: हंडा, पायरी, खळगा, माशी, बांध, मध्ये बाणांनी दिशा. माझं आधीचं विधान शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं असल्याचं कबूल केलं. वस्तीवर पाणी फक्त डोक्यावरून येतं हे ठळक अक्षरांत लिहिलं. साहेबांचं उत्तर दहा दिवसांनी आलं. माझ्या आयुष्यात कुठल्याही कचेरीकडून आलेलं ते सर्वांत जलद उत्तर. "आपल्याच अर्जावरून वस्तीवर पाणी सांडण्याइतके उपलब्ध असल्याचे दिसून येते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

उत्तरेश्वरनं ते वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाला, "आता आणखी अर्ज करू नको बे. धुळाजीची विहीरबी आटवशील."

मार्च अर्धा झाला तेव्हा वच्छलाबाईच्या दाराला कुलूप दिसलं. शेजारच्या आश्रुबानं सांगितलं की ती तेलगावकडं गेली. सरस्वती कोपीतच बाळंत झाली. मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. ऊसतोडीच्या टोळीला तिथं पाण्याचा टँकर येतो, त्यामुळं आंघोळीची अडचण नाही.

हे ऐकल्यावर मी शांत बसायला हवं होतं. पण मला ते काही पचेना. एका माशीचं कौतुक केलं म्हणून एक बाई घर सोडून सुनेजवळ गेली, असा हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला होता, आणि तो कुणीतरी अधिकारी माणसानं तपासून खोडावा किंवा सही करावा असं वाटत होतं. म्हणून मी एका सोमवारी रजा टाकली, एस.टी. धरली आणि वरच्या कचेरीत पाणीटंचाईच्या टेबलाला गेलो.

टेबलावर गहिनीनाथ नावाचे भाऊसाहेब होते. पानाचा तोबरा, पण माणूस सरळ. मी त्यांना सगळं सांगितलं: कुलूप, करंगळी, पंचनामा, अर्ज, आकृती. ते मध्ये एकदाही हसले नाहीत. उठले, कपाटातून माळवस्तीची फाईल काढली, धूळ झटकली, पानं उलटत गेले.

"कुंभारीण का?"

"हो."

"ते हाय हितं, पंचनाम्यात. पण तो कुणी वाचलेला दिसत न्हाई." त्यांनी आणखी दोन पानं मागं उलटली. "तुमचा प्रस्ताव नामंजूर हाय. मूळ गावाला टँकर चालू असल्यामुळं वस्तीस स्वतंत्र आवश्यकता वाटत नाही. सही हाय वरून."

"पण मग पाहणी कशाला केली?"

"पाहणीचं टेबल येगळं हाय. त्यांची गाडी ठरली होती."

मी फाईल माझ्याकडं वळवून घेतली. पाहणी तेरा फेब्रुवारीला झाली होती. नामंजुरीवर तारीख बारा होती.